जबड्याचं हाड मरतं तेव्हा : शस्त्रक्रियेविषयी वाचकांचे प्रश्न

हाडं मजबूत ठेवण्यासाठी किंवा हाडांत पसरलेला कॅन्सर आवरण्यासाठी दिलेल्या औषधांमुळे काही रुग्णांत जबड्याच्या हाडाचा एखादा भाग मरतो. डॉक्टरांच्या बोलण्यात याचं नाव ‘एमआरओएनजे’. त्यावरच्या शस्त्रक्रियेबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न आणि आमच्या वैद्यकीय सल्लागारांची उत्तरं या वेळी देत आहोत.

आई ७२ वर्षांची आहे. हाडांच्या ठिसूळपणासाठी सहा वर्षं दर आठवड्याला अलेंड्रोनेटची गोळी घेते. तीन महिन्यांपूर्वी तिची खालची दाढ काढली. तो खड्डा भरलाच नाही, आत पिवळट हाड दिसतं. दाढ काढली नसती तर हे टळलं असतं का?

बहुधा नाही, आणि हा सल मनात ठेवू नका. दाढ काढावी लागली ती मुळाशी पू झाला होता किंवा ती हलत होती म्हणून. अशा जागी हाड मरायला दाढ काढण्याच्या आधीच सुरुवात झालेली असते, असं अनेकदा आढळतं. दाढ निघाल्यावर ते फक्त उघडं पडतं.

आपलं हाड सतत मोडलं जातं आणि नव्याने बांधलं जातं. ‘ऑस्टिओक्लास्ट’ या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, त्यांच्यामागून दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही औषधं कुरतडणाऱ्या पेशींना थोपवतात. त्यामुळे हाडं टिकतात, पण जंतू शिरलेलं हाडसुद्धा उचललं न जाता तसंच पडून राहतं. जबड्यालाच हे जास्त का होतं, याची कारणं तोंडातच आहेत. दातांभोवतालच्या हाडाची उलाढाल इतर हाडांपेक्षा खूप वेगाने चालते, त्यावर हिरडीचं आवरण अगदी पातळ असतं, आणि दात हे हाडातून निघून थेट जंतूंनी भरलेल्या पोकळीत उघडतात. वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात हे जास्त दिसतं.

निदानासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: असं औषध चालू आहे किंवा पूर्वी झालेलं आहे; उघडं हाड (किंवा बारीक छिद्रातून सळई घातल्यावर लागणारं हाड) आठ आठवड्यांहून जास्त काळ तसंच आहे; आणि जबड्याला रेडिएशन दिलेलं नाही व तिथे कॅन्सरची गाठही नाही. तुमच्या आईचे तीन महिने झाले आहेत, तेव्हा ओरल सर्जनकडे नेऊन सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करून घ्या. ठिसूळपणासाठी गोळ्या घेणाऱ्यांत हा विकार दहा हजारांत दोन ते पाच जणांना होतो, म्हणून ‘गोळ्याच वाईट’ असा निष्कर्ष काढू नका. मांडीचं हाड मोडण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. आणि ते हाड काडीने किंवा नखाने उचकटू नका.

वडिलांना कॅन्सरसाठी दोन वर्षं दर महिन्याला झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन दिलं. जबड्यात हाड उघडं पडल्यावर वर्षभर गुळण्या आणि अँटिबायोटिक चालू होतं. आता सर्जन म्हणतात, ऑपरेशन करू. मग वर्षभर थांबलो ते चुकलं का?

तुमचं चुकलं नाही. काळच तसा होता. अमेरिकेतले शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये बिस्फॉस्फोनेट (अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड यांच्या गटातली औषधं) घेणाऱ्या रुग्णांतला हा विकार पहिल्यांदा मांडला. त्यानंतर बरीच वर्षं ‘हात लावाल तर जखम मोठी होईल’ हीच धारणा होती. ती निराधार नव्हती. मेलेलं हाड वरवर खरवडून तशीच उघडी सोडलेली जखम खरोखरच मोठी होत असे. मात्र हाड पुरेसं काढून वर हिरडी नीट शिवली तर बहुतेक रुग्णांत जखम भरते, हे पुढे अनेक ठिकाणी दिसून आलं. ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन्स’ या संघटनेने २०२२ च्या आपल्या भूमिकापत्रात शस्त्रक्रियेचा पर्याय विकाराच्या सगळ्या टप्प्यांवर खुला ठेवला आहे.

टप्पे ढोबळमानाने असे. शून्य : हाड उघडं नाही, पण दुखणं किंवा एक्स-रेमध्ये बदल. पहिला : हाड उघडं, पण ना वेदना ना पू. दुसरा : वेदना, सूज, पू. तिसरा : विकार खालच्या जबड्याच्या तळकडेपर्यंत किंवा वर सायनसपर्यंत (नाकाशेजारच्या हवेच्या पोकळीपर्यंत) गेला आहे, जबडा मोडला आहे, किंवा गालावर-हनुवटीवर बाहेरून छिद्र पडून पू वाहतो आहे.

पहिल्या टप्प्यात, वय झालेला किंवा भूल न झेपणारा रुग्ण असेल, तर ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या आणि नियमित तपासणी हा आजही रास्त मार्ग आहे. काही वेळा मेलेला तुकडा आपोआप सुटा होतो आणि चिमट्याने सहज निघतो. दुसऱ्या टप्प्यात मात्र अँटिबायोटिक थांबवलं की पू परत येतो, कारण मेलेल्या हाडात रक्तवाहिन्याच नसतात आणि औषध आतपर्यंत पोहोचत नाही. असं दोन-तीनदा झालं की गोळ्यांचा आणखी एक कोर्स करण्यात अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या काळात हाड आणखी पोखरलं जातं, आणि आज कडेचा तुकडा काढून भागणारं काम उद्या आख्खा जबडा कापण्यावर जातं. तुमच्या वडिलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडून तब्येतीचा आणि आयुर्मानाचा अंदाज घ्या आणि निर्णय करा.

मी दंतवैद्यकाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. ‘रक्त येईपर्यंत हाड काढा’ असं शिकवलं जातं. प्रत्यक्षात सीमा कशी ठरवायची आणि टाके उसवू नयेत म्हणून काय करायचं?

सगळ्या शस्त्रक्रियेचं मर्म या दोन प्रश्नांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तयारी स्कॅनपासून सुरू होते. सीबीसीटीत न भरलेला दाताचा खड्डा, सुटत चाललेला तुकडा, त्याभोवती पोखरलेला काळा पट्टा आणि पलीकडे दाट पांढरं झालेलं हाड पाहा. खालच्या जबड्याच्या नसेची नळी किती दूर आहे ते मोजून ठेवा. स्कॅनमध्ये विकार नेहमी प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो असं धरून चाला. अँटिबायोटिक एक-दोन दिवस आधी सुरू करतात. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर सहसा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, आणि तंबाखू बंद झालीच पाहिजे.

चीर निरोगी हाडावर घ्या. दोन्ही टोकांना मेलेल्या भागापासून काही मिलीमीटर दूर, म्हणजे शिवण पोकळीवर न येता हाडाच्या आधारावर येईल. हिरडीची जी कड मेलेल्या हाडाला लागून सुजलेली, लालभडक आणि भुसभुशीत झालेली असते ती कापून टाका. तिला धरून शिवलं तर टाका तिसऱ्या दिवशी आरपार कापत बाहेर येतो. पदर (हाडावरून उचललेला हिरडीचा भाग) उचलताना जिवंत हाडावरचं आवरण गरजेपेक्षा जास्त सोलू नका. आधीच अशक्त असलेल्या हाडाला बाहेरून मिळणारं रक्त त्यातूनच येतं.

आता सीमा. मेलेलं हाड हाताला ओळखू येतं : फिकट पांढरं किंवा मळकट हिरवट, पृष्ठभाग खरखरीत, बर (हाड घासणारं फिरतं टोक) फिरवला की कोरडा भुगा उडतो. सलाईनच्या धारेखाली फिरवत जाल तसतसा भुगा ओलसर, गुलाबी होऊ लागतो आणि बारीक ठिपक्यांनी रक्त पाझरतं. तिथेच थांबावंसं वाटतं. पण भूल देताना रक्तवाहिन्या आवळणारं ॲड्रेनलिन वापरलं असेल तर जिवंत हाडसुद्धा कमी पाझरतं, म्हणून नको तितकं हाड जातं. उलट मज्जेच्या पोकळीतलं किंवा सुजलेल्या मांसातलं रक्त मेलेल्या कडेवर पसरून फसवतं. धुवा, शोषून घ्या, आणि रक्त नेमकं हाडातूनच येतंय का ते पाहा. रंग, कठीणपणा आणि रक्त या तिन्ही खुणा जमल्याशिवाय थांबू नका.

यावर उपयोगी पडणारी रीत म्हणजे प्रकाशदीप्ती. शस्त्रक्रियेआधी सात ते दहा दिवस डॉक्सिसायक्लिन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा दिलं की ते जिवंत हाडात बसतं. मग खोलीतले दिवे मंद करून निळसर-जांभळा प्रकाश टाकला, साधारण ४०० ते ४६० नॅनोमीटरचा, की फिल्टरमधून जिवंत हाड हिरवट चमकतं आणि मेलेलं काळपट राहतं. जंतूंनी भरलेला भाग कधी लालसर दिसतो. डॉक्सिसायक्लिन न देताही हाडाची स्वतःची चमक दिसते, हे नंतर लक्षात आलं. म्हणून काही केंद्रं आता गोळी देतच नाहीत. पण रक्ताचा पातळ थरही चमक झाकतो, तेव्हा दर वेळी धुऊन पुसून पाहा.

ही सीमा तुम्हालाच टेबलावर ठरवायची आहे, कारण गाठीच्या ऑपरेशनसारखं ‘फ्रोझन सेक्शन’ (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली तपासणी) इथे मिळत नाही. हाड आम्लात मऊ करून मगच त्याचे काप घेता येतात आणि त्याला दिवस लागतात. तरीही प्रत्येक नमुना पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे. कॅन्सरच्या रुग्णाच्या जबड्यात कॅन्सरच पसरलेला असू शकतो, आणि तो वरून अगदी असाच दिसतो. दुसरा तुकडा कल्चरला पाठवताना ॲक्टिनोमायसिसचा संशय लिहून द्या; हा जंतू ऑक्सिजनविना आणि सावकाश वाढतो, नेहमीच्या दोन-तीन दिवसांच्या कल्चरमध्ये हाती लागत नाही.

मेलेल्या भागातले दात काढावेच लागतात. मग सगळ्या कडा गोल करा. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि शेवटी घाईत उरकलं जातं, पण जखम पुन्हा उघडण्यामागे राहून गेलेली धारदार कड हे नेहमीचं कारण आहे. बोट फिरवून पाहा. हातमोज्यावर काही अडकलं, तर तिथे हिरडी आतून फाटणार हे नक्की. जिभेच्या बाजूची कड विशेष सांभाळा, तिथलं आवरण सगळ्यात पातळ.

शेवटी शिवण. गालाकडच्या पदराच्या मुळाशी नव्या १५ नंबरच्या पात्याने फक्त हाडावरण आडवं कापा. जोर लावू नका, पांढरा पडदा सुटला की पदर एकदम सैल होतो. हनुवटीच्या नसेच्या परिसरात पातं उथळ ठेवून कात्रीने मोकळं करा. जिभेच्या बाजूला मायलोहायॉइड स्नायू हाडापासून सोडवून वर आणता येतो. पहिला थर त्याचा आणि दुसरा हिरडीचा, असं दोन थरांत शिवलं की खालच्या जबड्याच्या मागच्या भागात उत्तम टिकतं. कसोटी सोपी आहे. पदर चिमट्याने न ओढता समोरच्या कडेवर काही मिलीमीटर चढून पडून राहिला पाहिजे, आणि ओठ-गाल ओढला तरी कड मागे सरकता कामा नये. सरकत असेल तर टाके वाढवून काही होणार नाही, पदर आणखी सैल करा. आधी मॅट्रेस टाके घेऊन कडा बाहेर उलटवा, मग मधे साधे टाके. ३-० किंवा ४-० चा, सावकाश विरघळणारा धागा चालतो. टाका आवळताना कड पांढरी पडली तर तो सोडून पुन्हा बांधा.

वरच्या जबड्यात हाड मेलंय आणि पाणी प्यायलं की नाकातून येतं. हे भोक बुजतं का?

बुजतं. सायनसच्या तळाचं हाड गेल्यामुळे तोंड आणि सायनस जोडले गेले आहेत. मेलेलं हाड काढून सायनसमधला पू आणि सडलेलं अस्तर साफ करतात. मग नुसती हिरडी ओढून लावण्यापेक्षा गालातल्या चरबीची गादी खाली आणणं जास्त खात्रीचं. गालाच्या हाडाच्या खांबामागे हाडावरणात साधारण एक सेंटीमीटरची चीर देतात, बाहेरून गाल दाबतात, आणि चरबी पातळ पडद्यासकट हळूहळू बाहेर येऊ देतात. खेचली तर पडदा फाटतो, चरबीचे तुकडे होतात आणि तिचं रक्त तुटतं. चार-पाच सेंटीमीटरपर्यंतचं भोक तिने झाकता येतं. वर हिरडी पुरली नाही तरी बिघडत नाही. उघडी राहिलेली चरबी आधी पिवळी, मग लाल दिसते आणि तीन-चार आठवड्यांत तिच्यावर तोंडाचं आवरण चढतं. हा रंग पाहून घाबरून जाऊ नका.

त्यानंतर निदान दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, आणि स्ट्रॉने प्यायचं नाही. एका जोरदार शिंकरण्याने आतून दाब येऊन सगळी शिवण उखडते.

ऑपरेशनआधी औषध बंद करायचं का? किती दिवस?

कोणतं औषध, त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि हा निर्णय घरी घ्यायचा नाही.

अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड यांसारखी बिस्फॉस्फोनेट हाडातच चिकटून वर्षानुवर्षं राहतात. दोन महिने थांबल्याने आधी साठलेलं निघून जात नाही. काही सर्जन तरीही थोडा खंड घ्यायला सांगतात, पण त्याच्या उपयोगाबद्दल एकमत नाही.

डेनोसुमॅब हाडात साठत नाही. ठिसूळपणासाठी ते दर सहा महिन्यांनी ६० मिलीग्रॅम देतात आणि त्याचा परिणाम सहा महिन्यांकडे ओसरतो. म्हणून दात काढणं किंवा तातडीची नसलेली शस्त्रक्रिया शेवटच्या इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांनी ठेवतात आणि जखम भरू देऊन सहा ते आठ आठवड्यांनी पुढचं इंजेक्शन देतात. गणित असं बसतं की डोस चुकतही नाही. इथे एक गंभीर धोका आहे. हे इंजेक्शन भीतीपोटी सोडून दिलं, शेवटच्या डोसला सात महिने उलटून गेले, तर हाडांची झीज उसळून येते आणि पाठीचे एकापेक्षा जास्त मणके दबू शकतात. जबडा वाचवताना पाठ गमावू नका.

बेव्हॅसिझुमॅब हे कॅन्सरचं औषध नव्या रक्तवाहिन्या रोखतं, त्यामुळे जखम भरत नाही. ते नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान २८ दिवस आधी थांबवतात, नंतरही किमान २८ दिवस आणि जखम पूर्ण भरेपर्यंत देत नाहीत.

‘सीटीएक्स’ ही हाडाची झीज दाखवणारी रक्ततपासणी करून धोका कळतो का?

नाही. एके काळी १५० पिकोग्रॅमचा आकडा सीमा म्हणून वापरत. पण त्या आकड्यावरून कोणाची जखम भरेल हे सांगता येत नाही, हे आता मान्य झालं आहे. तो खर्च सीबीसीटीवर करा.

पीआरएफ, प्राणवायूचं चेंबर, टेरिपॅराटाइड : यांपैकी खरंच काय उपयोगी?

पीआरएफ म्हणजे रुग्णाचंच रक्त यंत्रात फिरवून मिळवलेला फायब्रिनचा पडदा. तो हाडावर पसरून वर हिरडी शिवतात. अपाय काही नाही, मऊ भाग भरायला हातभार लागतो, पण मेलेलं हाड मागे ठेवून वर पडदा घातला तर जखम उघडणारच. प्राणवायूच्या चेंबरवर भिस्त ठेवावी इतका पुरावा नाही. टेरिपॅराटाइड हाड बांधणारं इंजेक्शन आहे, रोज २० मायक्रोग्रॅम त्वचेखाली. ठिसूळपणाच्या रुग्णांत ते उपयोगी पडू शकतं. हाडात कॅन्सर पसरलेल्यांना किंवा हाडांना रेडिएशन झालेल्यांना मात्र ते देत नाहीत.

पतीचा खालचा जबडा मोडला आहे. एक सर्जन नुसती धातूची पट्टी बसवू म्हणतात, दुसरे पायाचं हाड लावू म्हणतात. कोणाचं ऐकावं?

दोघांचंही बरोबर असू शकतं. मोडलेला किंवा तळकडेपर्यंत पोखरलेला भाग आरपार कापावाच लागतो. तळाशी साधारण एक सेंटीमीटर भक्कम हाड उरत असेल तर जबडा अखंड ठेवता येतो, त्याहून कमी उरलं तर ते पुढे चावताना मोडतं. कापल्यावर पडलेली फट टायटॅनियमच्या जाड पट्टीने धरतात, दोन्ही बाजूंच्या निरोगी हाडात किमान तीन-तीन स्क्रू घालून. ही शस्त्रक्रिया तुलनेने लहान. पण पट्टीवर फक्त मऊ मांस असल्याने काही महिन्यांनी ती हिरडीतून किंवा कातडीतून बाहेर डोकावू शकते, स्क्रू सैल होऊ शकतात.

पायाच्या पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट काढून मानेतल्या वाहिन्यांना जोडणं हा जास्त टिकाऊ उपाय. गुडघ्याकडचे आणि घोट्याकडचे सहा-सहा सेंटीमीटर मागे ठेवले की पाय स्थिर राहतो. मात्र आठ-दहा तासांची भूल आणि पायाच्या वाहिन्या चांगल्या असणं गरजेचं. त्यासाठी आधी सीटी अँजिओग्राफी करतात. कॅन्सर आटोक्यात असेल आणि हृदय-फुप्फुसं साथ देत असतील तर फिब्युला. आयुष्य थोडं उरलं असेल आणि वेदना थांबवणं एवढाच हेतू असेल तर पट्टी, हाच आमचा कौल. दोन्ही सर्जनना एकच विचारा : ‘कॅन्सरच्या डॉक्टरांशी तुमचं बोलणं झालं आहे का?’

ऑपरेशननंतर घरी काय सांभाळायचं? कवळी कधी लावायची?

पहिले दोन आठवडे चावावं लागेल असं काहीही नको. पातळ आणि मऊ, पण प्रथिनं भरपूर. जखम मोठी असेल तर सर्जन काही दिवस नाकातल्या नळीने आहार देतात, ते जखमेच्या भल्यासाठीच. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नका. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिन तोंडात नुसतं धरून मान कलती करायची आणि अलगद सोडायचं. बाकीचे दात मऊ ब्रशने घासत राहा, कारण दातांवरची घाण हीच जंतूंची पेरणी. न विरघळणारे टाके १० ते १४ दिवसांनी काढतात.

ओठ बधिर राहिला तर नस ताणली गेली असेल. संवेदना हळूहळू परतू शकते. पण ऑपरेशनच्या आधी नसलेला बधिरपणा काही महिन्यांनी नव्याने आला, तर लगेच दाखवा.

शिवण एखाद्या ठिकाणी उसवली तर सर्जनना त्याच दिवशी कळवा. आत लालसर मांस दिसत असेल तर ते बहुधा स्वच्छतेवर भरून येतं. पांढरं, कोरडं हाड दिसलं तर परत काम करावं लागण्याची शक्यता जास्त.

कवळी सहा ते आठ आठवडे पूर्ण बंद. नंतरही जुनी कवळी तशीच चढवू नका. शस्त्रक्रियेच्या जागी ती आतून कोरून मऊ अस्तर घालून घ्या, रात्री काढून ठेवा, आणि पहिले तीन महिने रोज आरशात त्या जागेची हिरडी पाहा. तिथे पिनाच्या टोकाएवढा जरी पांढरा ठिपका दिसला तर कवळी काढा आणि दाखवायला जा.